चौकशी करणारी व्यक्ती

एखाद्या व्यवहारात दोन पक्षांच्या मध्ये एक मनुष्य उभा असेल, तर तो किती जवळ उभा आहे याहून त्याचे मुख कोणाकडे आहे, हे पाहणे अधिक अगत्याचे असते. हा विचार मला घर घेण्यापूर्वी सुचला असता, तर मी तो विवेक म्हणून मिरवला असता. घर घेतल्यानंतर सुचल्यामुळे त्याला नुसता अनुभव म्हणावे लागते. तथापि जी हकीगत मी सांगणार आहे ती पश्चात्तापाची नव्हे. तीत माझी फजिती झाली, हे खरे. परंतु ज्या दोघांनी ती केली त्यांच्यापैकी एकीशी माझा विवाह झालेला आहे, आणि दुसऱ्याला मी आठवीपासून चार वर्षे संस्कृत शिकवले आहे. तेव्हा त्या फजितीवर माझा दुहेरी हक्क पोहोचतो, आणि अभिमानही.

आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर होते. पायऱ्या सत्तावन्न, लिफ्ट नाही. माझी पत्नी चौतीस वर्षे रुग्णालयात परिचारिका होती. त्या काळात तिने जे अंतर तुडवले त्याचा हिशेब तिच्या गुडघ्यांनी निवृत्तीनंतर मागितला. गेल्या आठ महिन्यांत ती दोनदाच खाली उतरली होती, आणि दोन्ही वेळा गुडघ्यांच्याच डॉक्टरकडे जाण्यासाठी. ज्यांच्यामुळे घरात बसावे लागते त्यांनाच फिरवून आणायचे, या प्रकाराला ती "गुडघ्यांची सहल" म्हणत असे. एरवी ती सज्जात बसून खालची गल्ली पाही. इतक्या उंचीवरून माणसाचे फक्त डोके दिसते. त्यामुळे गल्लीतील यच्चयावत माणसे ती टाळूवरून ओळखू लागली होती. भाजीवाल्याला टकलाच्या आकारावरून तिने "चंद्रकोर" असे नाव दिले होते. पेपरवाला हा "दोन भोवरे". एके संध्याकाळी ती अगदी सहज म्हणाली, "अहो, माणसांना तोंडंही असतात, हे मी विसरत चालले आहे."

ती तक्रार करणारी बाई नव्हे. म्हणूनच मी ते वाक्य रात्रभर मनात घोळवले आणि सकाळी जाहीर केले, की आपण तळमजल्यावरचे घर घ्यायचे.

ही वार्ता प्रथम ऐकली ती आमच्या खालच्या मजल्यावरील विमावाल्यांनी. हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झालेले. अपघातांविषयी त्यांना जिव्हाळा होता. जगात जेवढी म्हणून संकटे आहेत ती सर्व त्यांच्या साडूवर येऊन गेलेली असत.

"मास्तर, घर घ्या, पण स्वतःचा एजंट धरा," ते जिन्यातच मला अडवून म्हणाले. "विकणाऱ्याच्या एजंटच्या नादी लागू नका. माझ्या साडूचं काय झालं माहीत आहे ना?"

"कोणत्या प्रसंगी?"

"हा वेगळा. विकणाऱ्याचा एजंट इतका गोड, इतका गोड, की साडूने त्याला जेवायला बोलावलं. जेवता जेवता सगळं सांगून टाकलं. शेवटी घर मिळालं, पण गच्चीचा हक्क गेला."

मागील महिन्यात याच साडूचे तळघर बुडाले होते, आणि त्यापूर्वी त्याच्या स्वयंपाकघरातून शेजाऱ्याची वाट गेली होती. मी मनातल्या मनात मोजले, तेव्हा या एका मनुष्याने किमान नऊ घरे घेतली असावीत असे दिसून आले. इतक्या संपन्न मनुष्याची कीव कशाला करावी, असा विचार करून मी पुढे निघालो.

आणि मला भिण्याचे कारणही नव्हते. वर्तमानपत्रात ज्या घराची जाहिरात पाहून मी फोन केला, ते तळमजल्याचे होते, रस्त्याकडे दोन पायऱ्यांचा ओटा होता, आणि विकणाऱ्यातर्फे फोन उचलणारा आवाज म्हणाला, "सर? तुम्ही? मी मॉनिटर बोलतोय."

मॉनिटर! येथे मला किंचित विषयांतर करावे लागेल, आणि ते मी आनंदाने करतो. आज पंचेचाळिशीला आलेला, मिशा पिकू लागलेला हा गृहस्थ माझ्या वर्गात असताना, मी वर्गाबाहेर गेलो की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम त्याच्याकडे असे. एके दिवशी मी परत आलो तेव्हा यादीत त्याचे स्वतःचे नाव होते. कारण विचारता तो म्हणाला, "सर, 'गप्प बसा' असं मी बोललो." दुसऱ्या एका दिवशी यादीत सर्वांत वर माझे नाव होते, मी दारात उभा राहून भूगोलाच्या मास्तरांशी जरा जास्त वेळ बोललो होतो. मी त्याला शिक्षा केली नाही. उलट ती यादी तास संपेपर्यंत पुसू दिली नाही. असा विद्यार्थी ज्या व्यवहारात आहे, त्यात दुसरा मध्यस्थ शोधणे म्हणजे मी माझ्याच हाताने वाढवलेल्या झाडावर अविश्वास दाखवणे नव्हे काय?

"सर, आधीच सांगतो," तो फोनवर म्हणाला. "मी विकणाऱ्या डॉक्टरांचा एजंट आहे. त्यांचं हित बघणं माझं काम. तुम्ही तुमच्यासाठी दुसरा कुणीतरी घ्या."

"तू असताना दुसरा कशाला?"

"सर, तसं नाही. मी त्यांचा आहे."

केवढा हा विनय! मला गहिवरून आले. असे विद्यार्थी आता घडत नाहीत, हे मी पत्नीला त्याच दिवशी तीन वेळा ऐकवले.

"तो काय म्हणाला, ते ऐकलंत का पण?" तिने विचारले.

"अगं, तो नम्रपणे बोलला."

"कसा बोलला, ते नाही विचारलं मी. काय बोलला ते विचारलं."

माझ्या बाजूने एक शास्त्रीय आधारही होता. आपल्या जुन्या वादग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे मांडणारा आणि सिद्धान्त सांगणारा ग्रंथकार एकच असतो. प्रतिपक्ष तो इतक्या निष्ठेने मांडतो, की वाचकाला वाटावे, हाच खरा. मग एकच प्रामाणिक मनुष्य विकणारा आणि घेणारा या दोघांचे का पाहू शकणार नाही? हा युक्तिवाद मी विमावाल्यांनाही ऐकवला. मात्र एक किरकोळ बाब त्या वेळी माझ्या ध्यानातून निसटली: त्या ग्रंथांत प्रतिपक्ष कधीही जिंकत नाही.

घर पाहण्यास आम्ही रिक्षाने गेलो. पत्नी ओट्याच्या दोन पायऱ्या चढली, मागे वळली, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी मुलीकडे पाहून हसली. मुलगीही हसली. एवढेच घडले. पण त्या क्षणी मी मनात घर घेऊन टाकले, आणि दुर्दैवाने मनात न ठेवता मोठ्याने सांगितले.

"हेच घर! आता दुसरे पाहणे नाही."

मॉनिटर खोकला. "सर, माझ्यासमोर असं बोलू नका. जरा जपून."

"तुझ्यासमोर नाही तर कोणासमोर बोलू?" असे म्हणून मी त्याला सर्व सांगितले. पत्नीचे गुडघे, सत्तावन्न पायऱ्या, आमची कमाल ऐपत, तिच्यापलीकडे जाण्यास धाकटा मेहुणा जी मदत करणार होता ती, आणि पावसाळ्यापूर्वी येथे यायचेच हा आमचा निश्चय. मी बोलत असताना त्याने खिशातून छोटी वही काढली व तो भराभर लिहू लागला. पंचेचाळिसाव्या वर्षीही तो माझ्या बोलण्याची टिपणे घेत होता! मी ओघ किंचित मंद केला, म्हणजे त्याला एखादा शब्द निसटू नये. आणि जेथे तो मागे पडला असे वाटले तेथे मुद्दा पुन्हा सांगितला.

विकणाऱ्या बाई दंतवैद्य होत्या. वयाने आमच्याच बरोबरीच्या, बोलण्यात मृदू. दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला निघालेल्या. त्या माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे न पाहता दातांकडे पाहत होत्या, त्यामुळे मी शक्य तितके तोंड मिटून बोललो. मागच्या खोलीत एक अजस्र कपाट होते, आणि ते निम्म्या खिडकीवर आले होते. मॉनिटर त्या कपाटासमोर जाऊन निश्चल उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"पाठ सरळ ठेव," मी त्याला प्रेमाने म्हणालो. त्याने ठेवली.

दुसऱ्या भेटीतही तो त्याच कपाटासमोर उभा राहिला. त्याला ती जागा आवडत असावी, असे मला वाटले.

चार दिवसांनी विकणाऱ्या बाईंची अपेक्षा कळली. ती आणि आमची कमाल ऐपत, मेहुण्याच्या मदतीसह, यांत असे अद्भुत ऐक्य होते की मी थक्क झालो. "पाहिलेस?" मी पत्नीला म्हणालो. "सज्जनांची मने दूर राहूनही जुळतात."

ती मटार सोलत होती. "मने नाही जुळली," ती म्हणाली. "वही जुळली."

यानंतर कराराचा मसुदा आला, आणि येथे माझ्या हातून जी चूक झाली ती करण्यास निदान तीस वर्षे वह्या तपासलेल्या असाव्या लागतात. तो मसुदा विकणाऱ्या बाईंच्या वकिलांनी केला होता. भाषा अशी, की वाचताना हात आपोआप लाल शाईच्या पेनाकडे जावा. कलमे एकमेकांच्या पायांत पाय घालून पडत होती. दोषांविषयीचे कलम तर केवळ इतकेच: "पुढे घरात काही निघाल्यास दोघांनी मिळून बघावे." काय निघाल्यास? कोठून? दोघांनी बघून काय करावे? मी मॉनिटरला फोन लावला.

"या वाक्याचा अभिप्राय काय?"

"सर, डॉक्टरांचं म्हणणं असं, की नंतर त्यांच्यामागे काही लागू नये. वकिलांनी जरा सैल लिहिलंय."

"मग तसे स्पष्ट लिहायला नको?"

"सर, ते तुम्ही लिहू नये."

"का? दिसलेली चूक मी तशीच सोडू? तुला असे शिकवले मी?"

"सर, सैल आहे तेच तुमच्या बाजूने—"

"सैल लेखन कोणाच्याही बाजूने नसते," मी म्हणालो आणि फोन ठेवला. हे वाक्य मला इतके आवडले की मी ते टिपून ठेवले.

दोन दिवस मी दुसरे काही केले नाही. पत्नी मधून मधून येऊन काहीतरी सांगत होती. मी मान हलवीत होतो. तिसऱ्या दिवशी दोषांचे कलम सिद्ध झाले: "विक्रीपश्चात सदर वास्तूत दृश्य वा अदृश्य, ज्ञात वा अज्ञात, विद्यमान वा संभाव्य असा कोणताही दोष आढळल्यास त्याचे संपूर्ण दायित्व खरेदीदाराचे राहील, त्याविषयी विक्रेत्याकडे दाद मागणे तर दूरच, परंतु खेदही व्यक्त करता येणार नाही." लय पाहा. विशेषणांच्या तीन जोड्या, आणि शेवटी तो अनपेक्षित खेद! मी ते पत्नीला वाचून दाखवले.

"खरेदीदार म्हणजे कोण?" तिने विचारले.

"आपण."

"हं," ती म्हणाली. चौतीस वर्षे नोकरी केलेल्या परिचारिकेच्या "हं"मध्ये काय काय असते हे रुग्णाला कळत नाही, म्हणूनच तो शांत झोपतो.

सुधारलेला मसुदा गेला आणि आठवड्याने मॉनिटरकडून निरोप आला. समोरच्या वकिलांनी एकही अक्षर बदलले नव्हते. इतकेच नव्हे, तर "उभ्या हयातीत असं कलम पाहिलं नाही, लिहिणाऱ्याला माझा नमस्कार सांगा," असे ते म्हणाले होते. हा नमस्कार मी जिन्यातील प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितला. दुसऱ्या मजल्यावर विमावाल्यांनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच असा भाव दिसला, की साडूलाही हे सुचले नसते.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "समोरच्याचा वकील खूश आहे?"

"अत्यंत!"

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. मी तो हात अभिनंदनाचा मानला.

नोंदणीच्या दिवशी आम्ही चौघे नोंदणी कार्यालयात हजर झालो. पत्नी, मी, दंतवैद्य बाई आणि मॉनिटर. पत्नीला पायऱ्या उतरण्यास अर्धा तास लागला होता, परंतु ही शेवटची सहल असल्याने ती उल्हासात होती. खिडकीत चष्मा कपाळावर ठेवलेल्या एक कारकून बाई बसल्या होत्या. त्यांनी कागद चाळले आणि चष्मा खाली घेतला. सरकारी कार्यालयात चष्मा खाली आला की सभ्य मनुष्य आपले कागद पुन्हा मोजू लागतो.

"विक्रेत्यातर्फे चौकशी करणारी व्यक्ती, यांचं नाव. बरोबर. खरेदीदारातर्फे चौकशी करणारी व्यक्ती, परत यांचंच नाव?"

"हो," मी अभिमानाने म्हणालो. "तो माझा विद्यार्थी आहे."

"ते नाव मी घातलेलं नाही," मॉनिटर घाईने म्हणाला. "सरांनी लिहिलंय."

"आजोबा, एकच माणूस दोन्हीकडून कसा? हा काय स्वतःशीच बोलला का?"

मी त्यांना वादग्रंथांची परंपरा थोडक्यात समजावून दिली. माझ्यामागे रांगेत सातजण होते, त्यांनीही ऐकली. कारकून बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, "शास्त्र बरोबर असेल. पण रकाने दोन आहेत."

"मग माझे नाव घाला."

"तुमची सही खाली खरेदीदार म्हणून आहेच. इथे वेगळं माणूस हवं. ज्याने घराची, कागदांची चौकशी केली ते. तुमच्या बाजूने चौकशी कोणी केली?"

मी मॉनिटरकडे पाहिले. मॉनिटरने आपल्या बुटांकडे पाहिले. दंतवैद्य बाई खिडकीवरील सूचनाफलक वाचू लागल्या. मी गेले सहा आठवडे आठवून पाहिले. सांगितले तर मी पुष्कळ होते. विचारले मात्र... मॉनिटरला मी एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याच्या उत्तरावरून विकणाऱ्यांचे कलम बळकट करून दिले होते.

"साडेबाराला खिडकी बंद होते," कारकून बाई म्हणाल्या. "आज झालं नाही तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. पावसाळ्यात."

पावसाळा म्हणजे निसरडा जिना. म्हणजे सज्जा, आणि टाळू.

"द्या तो कागद इकडे," माझ्या मागून आवाज आला. "माझं नाव घाला. आणि अर्धा तास द्या. मी करते चौकशी."

पत्नी भिंतीलगतच्या बाकावर बसली, तिने मॉनिटरला समोर उभे केले आणि पर्समधून चष्मा काढला. वॉर्डात नवा रुग्ण दाखल झाला की ती जशी बसत असे तशी ती बसली होती. हे दृश्य मी पूर्वी एकदाच पाहिले होते, माझे अपेंडिक्स काढले तेव्हा.

"तू कुणाचं काम करतोस रे?"

"डॉक्टरांचं, काकू."

"विचारलं तर खोटं सांगशील?"

"नाही, काकू. डॉक्टरांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय."

"ह्यांनी आपला आकडा तुला कधी सांगितला?"

त्याने वही उघडली. "घरात आल्यावर अकराव्या मिनिटाला."

रांगेतील कोणीतरी हसले. मी त्या दिशेला पाहण्याचे टाळले.

"बरं. मागच्या खोलीतलं कपाट निम्म्या खिडकीवर का लावलंय?"

मॉनिटरने एक दीर्घ श्वास घेतला. सहा आठवडे पाण्याखाली राहिलेला मनुष्य वर आल्यावर जसा घेईल तसा. "काकू, त्यामागे भिंतीला ओल आहे. न्हाणीघराचा नळ आतून झिरपतो. कपाटाच्या उंचीइतकी चढली आहे."

"मला वाटलंच. पहिल्याच दिवशी वास आला होता."

"मग मला सांगितले का नाहीस?" मी न राहवून म्हणालो.

"दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तुम्ही 'वा' म्हणालात. दुसऱ्यांदा 'थांब, स्वल्पविराम' म्हणालात."

मी मॉनिटरकडे वळलो. मनात जे काही होते त्याला राग म्हणण्याइतका मी प्रामाणिक नव्हतो. मी त्याला व्यथा म्हटले. "आणि तू? तुला ठाऊक होते?"

"सर, मी काम त्यांचं घेतलंय. आपण होऊन सांगितलं असतं तर त्यांच्याशी खोटा ठरलो असतो. तुम्ही विचारल्यावर लपवलं असतं तर तुमच्याशी. तुम्ही विचारायची वाट बघत होतो, सर." त्याने वही मिटली. "दोनदा तर त्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, पाठ सरळ ठेव."

मला त्या क्षणी जे दिसले ते सांगितले पाहिजे. मला चौदा वर्षांचा एक मुलगा दिसला, हातात खडू, आणि फळ्यावर सर्वांत वर माझे नाव. या वेळीही ते योग्य जागीच लिहिले होते. आयुष्यभर मी प्रश्न विचारले खरे, पण ज्यांची उत्तरे मला आधीच ठाऊक होती तेच. ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न विचारणे ही वेगळी विद्या आहे. ती माझ्याच घरात, मटार सोलत बसली होती.

दंतवैद्य बाईंचा चेहरा उतरला होता. "मला सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मुलीकडे जायची घाई झाली. वाटलं, कपाट आहे तोवर..."

"डॉक्टर," पत्नी म्हणाली, "किडक्या दातासमोर कपाट लावून भागत असतं, तर तुमचा दवाखाना चालला असता का?"

त्या बाई हसू लागल्या. त्या इतक्या हसल्या की त्यांचे डोळे भरून आले, आणि मला प्रथमच त्यांचे दात दिसले. उत्तम होते. "नाही हो, सिस्टर," त्या म्हणाल्या. "काय करू सांगा."

पत्नीने सांगितले. नळ आणि भिंत ताबा देण्याआधी दुरुस्त. काम झाल्यावर ती स्वतः भिंतीला हात लावून पाहणार. आणि आकडा इतका खाली, की मेहुण्याला त्रास द्यायला नको. नेमका किती, हे सांगणे शिष्टाचारास धरून नाही. मॉनिटरने डॉक्टरांच्या बाजूने दोनदा हरकत घेतली, आणि दोन्ही हरकती रास्त होत्या. पत्नीने एक मान्य केली, एक फेटाळली. समोरासमोर बसून आपापल्या पक्षाचे काम चोख करणारी ती दोन माणसे पाहून माझा ऊर भरून आला. मध्येच मी काही सुचवण्यास तोंड उघडले, तेव्हा दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. मी ते मिटले.

"आणि हे," पत्नीने चष्मा सरसावून करार उघडला. "हे दृश्य-अदृश्य."

"अगं, ते कलम..."

"सुंदर आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरोखर माया होती. मग तिने साध्या निळ्या पेनाने त्याच्यावर एक आडवी रेघ मारली, आणि वर लिहिले: "काही निघाल्यास दोघांनी मिळून बघावे." विशेषणांच्या तिन्ही जोड्या त्या रेघेखाली गतप्राण झाल्या. खेद व्यक्त करण्याचा अधिकार मला परत मिळाला होता. मी तो तत्काळ वापरला, परंतु मनातल्या मनात.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी दोन रकान्यांत दोन नावे होती. कारकून बाईंनी शिक्का मारला आणि चष्मा पुन्हा कपाळावर गेला. "आजी," त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला घर घ्यायचंय. याल का एकदा?"

भिंत दुरुस्त झाली. पत्नीने तापाच्या रुग्णाच्या कपाळाला लावावा तसा भिंतीला पंजा लावून पाहिला आणि "उतरला" असे सांगितले, तेव्हा आम्ही सामान आणले. विकणाऱ्याचा मध्यस्थ घेणाऱ्याने वापरावा की नाही, असे मला आता जो कोणी विचारतो त्याला माझे उत्तर ठरलेले आहे. लबाड असेल तर वापरू नये, हे सांगायला मी कशाला हवा? माझे म्हणणे असे, की तो प्रामाणिक असेल तर मुळीच वापरू नये. प्रामाणिक मनुष्य आपले काम पूर्ण निष्ठेने करतो, आणि ते काम तुमचे नसते.

जुन्या घराची किल्ली देऊन उतरत होतो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर विमावाल्यांचा आवाज आला. नव्या भाडेकरूंना ते समजावीत होते: "स्वतःचा एजंट धरा हो. माझ्या साडूने काय केलं माहीत आहे? समोरच्याचा करार स्वतः लाल शाईने दुरुस्त करून दिला!" मी जिन्यात थबकलो. प्रथम वाटले, आत जाऊन सत्य सांगावे. मग लक्षात आले, की ज्या मनुष्याने दहा घरे घेतली आणि तरी खचला नाही, त्याच्या मालिकेत स्थान मिळणे ही काही अप्रतिष्ठा नव्हे. मी आवाज न करता उतरलो. सत्तावन्न.

नव्या घरी पोहोचलो तेव्हा पत्नी ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. पायरीशी भाजीची गाडी उभी होती, आणि ती तोंडात बोट घालून भाजीवाल्याकडे पाहत होती.

"अहो, इकडे या. हे आपले चंद्रकोर. गाडी इकडेही आणतात." ती हळू आवाजात म्हणाली, जणू एखादा गौप्यस्फोट करीत होती. "यांना मिशा आहेत! आणि गालाला खळी पडते. मी इतके महिने यांना म्हातारा समजत होते."

भाजीवाला लाजला. खळी खरोखरच पडत होती.

मॉनिटर दर रविवारी येतो. येताना त्या पायऱ्यांशी जरा थांबतो, कारण मी त्याला काही सांगण्याआधी पत्नी त्याला काहीतरी विचारते, आणि तो उत्तर देतो. मी ऐकतो.

ज्याने माझे नाव दोनदा फळ्यावर लिहिले, त्याच्या हातातील खडू कधी न झिजो. ज्यांनी कपाट बाजूला केले, त्या डॉक्टर बाईंना मुलीच्या घरी कोरड्या भिंती आणि गाढ झोप लाभो. त्या अज्ञात साडूची सर्व घरे सुरक्षित राहोत. आणि माझ्यातर्फे चौकशी करणाऱ्या व्यक्तीला या ओट्यावरून दररोज नवे चेहरे दिसोत.